श्री. चोभे यांच्या श्वासाबाबत

सावेडीच्या सप्ताह कमिटीपुढे त्या वर्षी एकच तातडीचा विषय होता : श्री. राधाकृष्ण चोभे यांचा श्वास.

चोभे हे नगरच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. जुने दमेकरी. आणि कीर्तनाचे असे वेडे, की बदलीची नुसती कुणकुण लागली तरी तिकडे कीर्तनं होतात का, याची आधी चौकशी करत. सप्ताहात महाराजांच्या मागे उजव्या हाताची पहिली जागा वर्षानुवर्षं त्यांची. टाळ त्यांचे, ध्रुपद त्यांचं. त्या जागेपायी आपण बढती नाकारली असं ते सांगत. बढती आलेली नव्हती. पण आली असती तर नाकारली असती, एवढं खरं होतं.

मागल्या वर्षी काल्याच्या कीर्तनात, ऐन रंगात, त्यांचा दम उसळला. छातीतून फाटक्या भात्याच्या पेटीसारखे सूर निघू लागले. महाराज थांबले, पखवाज थांबला. पुढं बसलेल्या बायकांना वाटलं, चोभ्यांच्या अंगात भाव आला. दोघीतिघी पाया पडून गेल्या. चोभे नको म्हणाले नाहीत. नको म्हणायलाही श्वास लागतो.

म्हणून यंदा कमिटी आधीच देवळाच्या ओट्यावर बसली. अध्यक्ष आबासाहेब, मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले.

"कसं वाटतंय आता, चोभे?"

"बरं वाटतंय."

"ते झालं तोंडी. तुमच्या टेबलापुढं एखादा पेन्शनर येऊन म्हणाला, मी जिवंत आहे, तर तुम्ही काय म्हणता?"

"हयातीचा दाखला आणा म्हणतो."

"मग?"

दुसऱ्या कुणाला राग आला असता. चोभ्यांना गहिवरून आलं. इतकी रीतसर माणसं देवाच्या कामात आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिवाय त्यांच्या खिशात दाखला होता. डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासायला लावलं होतं. रक्तात इस्नोफिल नावाच्या पेशी असतात, दम्यात त्या वाढतात, आणि किती वाढल्या ते टक्क्यांत मोजता येतं. चोभ्यांचे आधी चौदा टक्के होते. मग डॉक्टरांनी एक पांढरी गोळी सुरू केली आणि चौदाचे चार झाले. "गोळीनं आकडा उतरलाय," डॉक्टर म्हणाले होते, "पण आकडा उतरला म्हणजे दमा गेला असं समजू नका. धूर, धूळ टाळा." या बोलण्याचा पूर्वार्ध चोभ्यांनी लक्षपूर्वक ऐकला. उत्तरार्ध ऐकण्याची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती.

त्यांनी तिथंच मसुदा सांगितला, आणि चिटणीस तेच असल्यामुळे लिहूनही घेतला : "ज्या टाळकऱ्याच्या रक्तातील इस्नोफिलचे प्रमाण सहा टक्क्यांहून अधिक असेल, त्यास कीर्तनकारांच्या मागे उभे राहता येणार नाही. श्वासाबाबतची तोंडी विधाने विचारात घेतली जाणार नाहीत." दुसरं वाक्य त्यांना इतकं आवडलं, की कुणी मागितलं नसताना त्यांनी ते पुन्हा वाचून दाखवलं.

घरी राहीबाई ताट वाढत होत्या.

"अहो, छाती वाजतीय तुमची. इथवर ऐकू येतंय."

"चार आहेत अगं."

"कोण चार?"

"इस्नोफिल."

"मग त्यांना म्हणावं, जरा हळू वाजा."

एकट्या माणसासाठी नियम करता येत नाही, असं आबासाहेबांचं मत पडलं. तेव्हा सगळ्या टाळकऱ्यांचं रक्त घ्यायचं ठरलं. नगरातल्या लॅबोरेटरीतून रज्जाकभाई काचपट्ट्या घेऊन सायकलवर आले आणि देवळाच्या पायरीवर बसून एकेकाच्या बोटाला सुई टोचू लागले. "भाई, जरा कमी येतील असं बघा," असं एकदोघांनी कानात सांगितलं. रज्जाकभाई म्हणाले, "मी फक्त मोजतो बाबा. वाढवत न्हाई, कमी करत न्हाई. ते काम वरच्याचं."

रिपोर्ट आले. गहिनीनाथाचे अठरा टक्के निघाले.

गहिनीनाथ शेतकरी गडी. त्यानं मळ्यात बैलाला हाक मारली की कापडबाजारातली गिऱ्हाइकं मागं वळून बघत. त्यानं ध्रुपद उचललं की समईची ज्योत हलायची.

"मला साधा ठसकाबी न्हाई, चोभेसाहेब."

"तोंडी," चोभे म्हणाले.

"अवो, गातो बी मी तोंडानंच."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पोटात जंत असतील, जंतांनीही हा आकडा वाढतो, औषध देतो. आबासाहेबांनी विचार करून सांगितलं, "जंत हा खुलासा झाला. खुलाशानं आकडा बदलत नाही." गहिनीनाथ बाद झाला. त्याच्यामागून आणखी बरेच बाद झाले. नियमात बसणारे दोघेच उरले : चोभे, आणि पोस्टमास्तर सूर्यभान. सूर्यभानचे दोन टक्के म्हणजे सबंध सावेडीत सर्वांत निर्मळ रक्त. त्याचा आवाज मात्र कुणी ऐकलेला नव्हता. पोस्टाच्या खिडकीतूनही तो मानेनंच बोलायचा.

गाव नव्या गोष्टीला लवकर सरावलं. लोक रामराम घालताना "तुमचे किती?" विचारू लागले. एका सोयरिकीत पत्रिका जुळली, मानपान जुळले, आणि मुलीच्या बापानं मुलाचे टक्के मागितले. चोभ्यांना धन्य वाटलं. आपण समाजाला काहीतरी दिलं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. जिना चढताना मात्र ते मधल्या पायरीवर थांबून हे धन्य वाटून घेत.

सहादेव महाराज अकोल्याहून एसटीनं आले. कुणीतरी शंका काढली, महाराजांचं रक्त?

"घ्या की बाप्पा," महाराजांनी बोट पुढं केलं. "त्याचंच हाय, त्याच्याच दारात द्यायचं."

नऊ टक्के आले. चोभ्यांनी नियम दोनदा वाचला आणि मार्ग काढला. "नियम कीर्तनकारांच्या *मागे* उभं राहणाऱ्यांसाठी आहे. महाराज स्वतःच्या मागे उभे राहत नाहीत." सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला. चोभ्यांनीही घेतला, जेवढा आत गेला तेवढा.

काल्याच्या सकाळी पटांगण फुलून गेलं. धुपाटण्यांचा धूर, पोरांनी उडवलेली धूळ, वर टांगलेली हंडी. महाराजांनी गोपाळांचा प्रसंग असा उभा केला, की म्हाताऱ्या माणसांनाही शिदोरी सोडावीशी वाटली. ध्रुपदाची वेळ आली. चोभ्यांनी टाळ वाजवले, तोंड उघडलं, आणि आवाजाऐवजी शीळ निघाली. दुसऱ्या बाजूला सूर्यभान निर्मळ रक्तानं नुसते ओठ हलवत होता.

चोभ्यांनी समोर बसलेल्या आबासाहेबांना हातानं खूण केली : बसू द्या.

आबासाहेब वाकून हळूच म्हणाले, "बसता येत नाही. तुमचे चार आहेत. बसायला सहाच्या वर लागतात."

"पण... मला..."

"तोंडी नको, चोभे. तुमचंच वाक्य आहे."

चोभ्यांना आपलं वाक्य आठवलं. भाषा निर्दोष होती. कुठंही फट नव्हती, एक माणूस श्वास घ्यायला बाहेर पडेल एवढीसुद्धा. त्यांचे ओठ निळे पडत चालले. इतकी वर्षं जी जागा सुटू नये म्हणून देवाला नवस केले, तीच आता त्यांना सोडत नव्हती.

तेवढ्यात माणसांतून गहिनीनाथ बोलला. "मागं उभं ऱ्हायला बंदी हाय. पुढं बसून गायला कुनाची हाय?" आणि बसल्या जागेवरून त्यानं ध्रुपद उचललं. अठरा टक्क्यांचं ध्रुपद. त्याच्यामागं बाद झालेले सगळे, त्यांच्यामागं बायका, पोरं गाऊ लागली; पायरीवर टेकलेले रज्जाकभाईसुद्धा मान डोलवू लागले. हंडी फोडायच्या आधीच हलायला लागली.

महाराजांनी नाचता नाचता चोभ्यांना धरलं, खांबाला टेकवून बसवलं आणि उपरण्यानं वारा घालू लागले. गाणं ओसरलं. महाराज खाली वाकले.

"चोभेबाप्पा, श्वास कसा हाय?"

अख्खं पटांगण कान देऊन होतं. चोभ्यांनी महाराजांकडे पाहिलं, बळ एकवटलं, आणि हात वर करून चार बोटं दाखवली.

बायकांना वाटलं, चारी मुक्ती दाखवल्या. यंदाही दोघीतिघी पाया पडून गेल्या.

डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठं छाती उघडली. दुसऱ्या दिवशी रज्जाकभाईंनी पुन्हा रक्त घेतलं. चारच निघाले. सबब काल दम लागला असं म्हणता येत नाही, असा ठराव कमिटीनं केला. तो चिटणीसांनी लिहिला. मधे मधे पेन खाली ठेवून त्यांना दम खावा लागला, ही गोष्ट वेगळी.

सहादेव महाराज निघताना ठराव ऐकून पोटभर हसले. मग एसटीत चढता चढता म्हणाले, "पुढल्या सालापासून एवढंच करा. मी प्रत्येकाला पुसनार, श्वास कसा हाय. जो कागद न बघता सांगंल, त्यो माझ्या मागं उभा ऱ्हाईल."

"मग मला आत्ताच पुसा," चोभे लगबगीनं पुढं झाले.

"सांगा. कसा हाय?"

चोभ्यांचा हात खिशात गेला.

आता चोभे पुढं बसतात, गहिनीनाथाच्या मांडीला मांडी लावून, आणि जमेल तेवढं गातात. उजव्या हाताची पहिली जागा अजून मोकळी आहे. चोभ्यांना हसणारे पुष्कळ जण त्या जागेसाठी येऊन गेले. तुम्हीही आत्ता हसलात, तेव्हा तुमचाही हक्क आहे. सांगा, कसे आहात? सावकाश सांगा. पण रिपोर्ट ठेवलेलं ते कपाट उघडू नका.