तेल घालायला काढलेली कुलपं

आमच्या घरमालकांनी गच्चीवरच्या नळाला कुलूप लावलं होतं. गच्चीच्या दाराला तर होतंच, पण ते उघडून आत गेलेला माणूस नळ वाहता ठेवील, म्हणून नळालाही एक छोटं पितळी कुलूप. पाण्याच्या टाकीला, मीटरच्या पेटीला, मोटरच्या बटणाला, पेपर टाकायच्या डब्याला, इतकंच काय, कचऱ्याच्या पिंपाच्या झाकणालाही. मी एकदा मोजली तेव्हा सतरा भरली. कचऱ्याला कुलूप लावणारा माणूस मी नागपुरात पाहिला नव्हता, आणि नागपुरात मी बरेच नमुने पाहिलेत.

त्यांचं नाव माणकोजीराव. घराणं मराठी, पण काही शतकांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं, त्यामुळे त्यांचं वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपतं. बनशंकरीतल्या आमच्या रस्त्यावर सगळे त्यांना ‘बीग अण्णा’ म्हणतात. बीग म्हणजे कानडीत कुलूप. वय सत्तरीच्या पुढे, बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. पीण्या भागातल्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअरकीपर होते. खाली ते एकटे, वर भाड्याने आम्ही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असल्यामुळे ते यायच्या आधी त्यांचा आवाज येतो. जगातल्या कुठल्याही भानगडीवर त्यांचा एकच प्रश्न असतो, “किल्ली कोणाकडं होती?” टीव्हीवर पूल पडला तरी हेच, आमच्याकडे दूध उतू गेलं तरी हेच.

तर गेल्या वर्षी माझी तारीख उलटली.

ज्यांची तारीख कधी उलटलेली नाही त्यांना यातला संताप कळायचा नाही. नऊ महिने लोक तुम्हाला सांभाळून बोलतात, आणि तारीख गेली की दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडे थकबाकीदारासारखे बघायला लागतात. सकाळी सातला सासरहून फोन, “अजून नाही?” आठला मावशीचा, “अजून नाही?” जणू मीच दार लावून बसले होते. डॉक्टरीणबाई हसून म्हणायच्या, “सगळं नॉर्मल आहे, वाट बघा.” मी दुसरं काय करत होते? नवरा, निखिल, व्हाइटफील्डला ऑफिसात. दर तासाला त्याचा मेसेज, “एनी अपडेट?” मी काय सॉफ्टवेअर होते?

या सगळ्यांवर कडी केली ती अण्णांनी. चौथ्या दिवशी ते वर आले आणि त्यांनी माझी फाईल मागितली. मीही इतकी वैतागले होते की दिली. चष्मा वर करून त्यांनी सोनोग्राफीच्या कागदावरची तारीख मालाच्या पावतीवरची वाचावी तशी दोनदा वाचली.

“लिहून दिलंय ना डॉक्टरनं? लिहून दिलं की जबाबदारी आली. आमच्या स्टोअरला माल एक दिवस लेट आला तर मी गेटातून परत पाठवायचो.”

“हा माल परत पाठवता येत नाही, अण्णा,” मी म्हटलं.

“तेच तर. मग लिहायचं कशाला? येन, काय म्हणायचं ह्या लोकांना?”

पण निदान ते माझ्यावर नाही, डॉक्टरवर चिडले होते. त्या आठवड्यात माझ्यावर न चिडलेला तो एकच माणूस.

माझं बाळंतपण करायला आई नागपूरहून आली होती. त्या संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून माझ्या केसांना तेल लावताना ती सहज म्हणाली, “आमच्याकडे जुन्या बाया असं लांबलं की घरातली कुलपं उघडायच्या. पेट्या उघडायच्या, दोरीच्या गाठी सोडायच्या. म्हणजे बाई लवकर मोकळी होते म्हणे.”

खाली अण्णा झाडांना पाणी घालत होते. ते तिथूनच तापले.

“शिकलेले लोक तुम्ही. कुलपाचा आणि डिलिव्हरीचा काय संबंध? हां? माझा असल्यावर विश्वास नाही.” पाईप तसाच कुंडीत सोडून ते पंधरा मिनिटं आईला विज्ञान शिकवत होते. कुंडीतली तुळस पोहायला लागली. आई बिचारी म्हणाली, “अहो, मी फक्त सांगितलं.” मला इतका राग आला की मी वेणी अर्धवट सोडून वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरच्या पेटीला कुलूप नव्हतं. पेपरच्या डब्यालाही नव्हतं.

“तेल घालायला काढलंय,” मी विचारायच्या आधीच अण्णा म्हणाले. “गंजतात.”

दुपारी गच्चीच्या दाराचं कुलूप गेलं. मग नळाचं, टाकीचं, मोटरचं. प्रत्येक वेळी तेच, तेल घालायला काढलंय. सहाव्या दिवशी कचऱ्याच्या पिंपाचं कुलूप काढलं आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांनी सगळा कचरा जिन्यापर्यंत आणून मांडला. इतकं पोट घेऊन मी शेवग्याच्या सालांतून आणि अंड्यांच्या टरफलांतून वाट काढत चालले होते. दुसऱ्या कोणाच्या हातून हे झालं असतं तर अण्णांनी गल्ली डोक्यावर घेतली असती. ते मुकाट्यानं झाडू घेऊन आले. “स्वल्प बाजूला हो, अम्मा. घसरशील.” पण कुलूप काही परत लावलं नाही.

मला हे सगळं दिसत होतं, आणि सांगायला लाज वाटते, पण माझा रागच वाढत होता. आधी फोन करणारे होते, आता घराची दारं-झाकणंसुद्धा माझ्याकडे ‘अजून नाही?’ म्हणून बघायला लागली होती. त्यात सातव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उद्या सकाळपर्यंत कळा आल्या नाहीत तर भरती व्हा, सलाईन लावून कळा आणू. मी घाबरले होते. घाबरले की मी भांडते.

त्या दुपारी खालून करवतीचा आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, थांबणं नाही. अर्धा तास मी सहन केलं, मग कठड्याला धरून खाली उतरले. आज अण्णांना ऐकवायचंच होतं.

त्यांच्या खोलीचं दार सताड उघडं. अण्णा फरशीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात पलंगाखालून ओढलेली एक हिरवी लोखंडी ट्रंक. तिच्या गंजलेल्या कुलपावर ते लोखंड कापायची करवत चालवत होते. हे अठरावं कुलूप. माझ्या मोजणीत नव्हतं.

“तेल घातलं,” ते मान वर न करता म्हणाले. “उघडत नाही.”

“मग किल्ली कोणाकडं आहे?” मी त्यांच्याच सुरात विचारलं. वेडावायलाच विचारलं.

करवत थांबली. “माझ्याकडंच,” ते म्हणाले. “तेव्हा पण माझ्याकडंच होती.”

मी पलंगाच्या कडेला बसले.

ट्रंक त्यांच्या बायकोची होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांना मूल व्हायचं होतं, याच घरात. दिवस उलटून गेले, मग कळा लागल्या, पण सुटका होईना. त्यांच्या सासूबाईंनी घरातलं सगळं उघडलं. ही ट्रंक राहिली, कारण किल्ली अण्णांच्या खिशात आणि अण्णा पीण्याच्या कारखान्यात. सासूबाईंनी शेजाऱ्याला सायकलवरून पाठवलं.

“मी त्याला हसलो,” अण्णा म्हणाले. “शिफ्ट सुटल्यावर येतो, असं सांगितलं. मुलगी होती. नाळ गळ्याला अडकली होती. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, कुलपाचा काय संबंध? काही संबंध नाही. मला ठाऊक आहे, अम्मा. माझा विश्वास नाहीच.” त्यांनी कुलपावरची गंजाची भुकटी बोटानं पुसली. “पण हिनं मला एकदाही विचारलं नाही. जन्मभर विचारलं नाही, किल्ली कोणाकडं होती. विचारायला पाहिजे होतं तिनं.”

मी भांडायला आले होते. मी रडत बसले, आणि ते परत करवत चालवायला लागले. थोड्या वेळानं कडी तुटली. झाकण उघडून त्यांनी भिंतीला टेकवलं आणि आत काय आहे ते न बघताच उठले. “आय्तु, झालं,” म्हणाले. “जा, पड जरा.”

आता इथे कळा सुरू झाल्या असं लिहायला मला आवडलं असतं. झाल्या नाहीत. आठव्या दिवशी सकाळी भरती झाले, सलाईन लावलं, आणि चौदा तास सगळ्यांच्या नावानं बोटं मोडल्यावर मुलगी झाली. ठणठणीत. कुलपांचा काही संबंध नव्हता.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो तर फाटक सताड उघडं आणि फाटकात प्लास्टिकच्या खुर्चीवर अण्णा. दाढी वाढलेली, मांडीवर स्टीलची बादली, बादलीत सतरा कुलपं. समोरच्या घरातल्या अक्का आईला म्हणाल्या, तुम्ही गेल्यापासून असेच बसलेत, जेवणसुद्धा इथेच. सगळं घर उघडं टाकून आत कसा जाऊ म्हणतात.

“अण्णा, बाळ तर शुक्रवारीच झालं,” निखिल म्हणाला. “मी फोन केला होता ना तुम्हाला.”

“फोनवर काय कळतं?” अण्णा चिडून म्हणाले. “माल आत आल्यावर सही.”

मी दुपटं बाजूला केलं. ते वाकून बघत राहिले. मग त्या झोपलेल्या मुलीला अगदी हळू आवाजात रागावले, “आठ दिवस लेट. किल्ली कोणाकडं होती गं?”

मी म्हटलं, “अण्णा, आम्ही आलो आता. लावून टाका कुलपं, आणि आत जाऊन झोपा.”

“सरी, लावतो. स्वल्प थांब,” ते म्हणाले. “ती झोपलीय. कुलपांचा आवाज होतो.”

त्यांनी कमरेचा जुडगा मुठीत घट्ट धरला आणि आमच्या पुढे एक एक पायरी चढायला लागले.