मोठ्या डीचा धान

ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर खैरीटोल्याचा सगळा धान जांभळा पडला, तेव्हा शुक्रवारचे साडेदहा वाजले होते आणि बारा वाजता तालुक्याचे साहेब यायचे होते. नुसता जांभळा असता तरी एक वेळ चाललं असतं. एक चौकट जांभळी, एक काळी, असा पट तलावापासून थेट स्मशानभूमीपर्यंत पसरला होता.

"उमेंद्र, हे काय होऊन राहिलं रे?" सरपंच नत्थूलाल रहांगडाले ओरडले. "काल तं सोन्यासारखा होता!"

"पाहून राहिलो जी," उमेंद्र म्हणाला. पाहण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

उमेंद्र हा पंचायतीचा कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. कंत्राट महिनाअखेर संपत होतं आणि नव्या आदेशावर याच साहेबांची सही लागणार होती. घरी धानाची शेती असूनही पठ्ठ्याने कधी चिखलात पाय घातला नव्हता. "मी टेक्निकल माणूस," हे त्याचं पालुपद. नोकरी गेली तर बाप दुसऱ्याच दिवशी हातात विळा देईल, ही एकच भीती त्याला होती आणि ती अगदी रास्त होती.

झालं होतं असं, की वरून फर्मान आलं : प्रत्येक गावाने ठोकळे रचायच्या कॉम्प्युटर खेळात आपल्या गावाची प्रतिकृती उभारावी. वरच्यांच्या मनात आलं की ते फर्मान होतं, त्याला कारण लागत नाही. खऱ्या गावात तीन वर्षं रखडलेली नाली उमेंद्रने खेळात अकरा मिनिटांत बांधली. सरपंचांनी तिचंही उद्घाटन नारळ फोडून केलं. अडलं ते धानापाशी.

आधी त्याने गवताच्या ठोकळ्यालाच पिवळा रंग दिला. पण त्या खेळाला गवतावर स्वतःचा हिरवा रंग चढवायची खोड. कितीही पिवळं ओता, धान हिरवाच. खऱ्या शेताच्या बांधीत धान कापणीला आलेला आणि पडद्यावर नुकता रोवलेला.

"साहेब म्हणन, खैरीटोल्याचे लोक झोपले होते का?" सरपंच म्हणाले.

पंचायतीच्या सदस्य कुंताबाई घरून पिकलेली लोंबी घेऊन आल्या आणि त्यांनी ती पडद्याला टेकवली. "हा रंग पायजे. तुह्या मनचा नाई."

शेवटी उमेंद्रने गवताचा नाद सोडला, लोंबीचा फोटो काढला आणि धानाचा स्वतंत्र ठोकळाच घडवला. गुरुवारी संध्याकाळी पडद्यावर सोनं डोलू लागलं. सरपंचांचे डोळे पाणावले. तेवढ्यात त्यांना खाली फाईलचं इंग्रजी नाव दिसलं.

"धानाचा डी लहान काऊन रे?"

"तसंच असते जी."

"माह्या नावाचा एन मोठा, तुह्या नावाचा यू मोठा, आन् ज्याच्यावर आपण जगतो त्याचा डी लहान? धान म्हंजे लक्ष्मी हाय. मोठा कर!"

सरपंचांपुढे कोण बोलणार? उमेंद्रने डी मोठा केला, कॉम्प्युटर बंद केला आणि घरी जाऊन ढाराढूर झोपला.

आणि आता हा जांभळा पसारा. त्याने कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला, वायर काढून पुन्हा खोचली. कुंताबाईंनी पदराने पडदा पुसला. जांभळा रंग उलट जास्तच चमकायला लागला. पावणेबारालाच बाहेर गाडी वाजली. वेळेआधी येणारे साहेब म्हणजे पनवतीच.

साहेब पुण्याकडचे. खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पडद्याकडे बोट केलं. "शेतं जांभळी कशी?"

उमेंद्रच्या डोळ्यांपुढे विळा चमकला. सरपंच एकाएकी छताकडे पाहू लागले.

"जांभळाच धान हाय साहेब," कुंताबाई म्हणाल्या. "धानात करगा उगवते, जंगली. दिसाले धानासारखाच. निंदाच्या वक्ताले वळखू येत नाई. माह्या माहेरी छत्तीसगडात जांभळ्या पानाचा धान लावतेत. मंग हिरवा दिसला का करगा समजाचा आन् उपटाचा."

हे अक्षरशः खरं होतं. फक्त खैरीटोल्यात नव्हतं.

"आणि मधे काळं?"

"काळा तांदूळ," सरपंचांना आता वाचा फुटली. "शुगरवाल्याइसाठी."

साहेब उठून उभेच राहिले. "अहो, बाकीच्या गावांनी नुसतं हिरवं-पिवळं रंगवून पाठवलंय! हे कुणी केलं?" त्यांनी उमेंद्रची पाठ थोपटली, नव्या आदेशावर सही करण्याचा शब्द जागेवरच दिला आणि पुढच्या शुक्रवारी जिल्ह्याचे मोठे साहेब हा धान पाहायला येतील, असं सांगून ते निघून गेले.

दुपारी उमेंद्रला दोष सापडला. खेळाला फाईलच्या नावात मोठं अक्षर चालत नव्हतं. नाव पटलं नाही की चित्राच्या जागी तो जांभळे-काळे चौकोन ठेवत होता. त्याने डी लहान केला. सगळं शिवार पुन्हा सोनेरी झालं. त्याला इतका आनंद झाला की तो सरपंचांना हाताला धरून घेऊन आला.

"कायले सुधरवला?" सरपंच किंचाळले. "मोठा कर तो डी!"

सोमवारी आदेश आला. मुदतवाढ अकरा महिने. पद मात्र बदललं होतं : 'समन्वयक, जांभळा धान प्रकल्प. कामाचं ठिकाण : प्रत्यक्ष शेत.' बापाने आदेश दोनदा वाचून घेतला आणि विळ्याला धार लावली.

गुरुवारी संध्याकाळी सरपंचांनी उमेंद्रला रंगाचा डबा, ब्रश आणि पत्र्याची पाटी देऊन बांधीवर पाठवलं. सकाळी साहेब यायच्या आत पाटी लागायला हवी होती. त्याच्या चपला चिखलात रुतल्या, त्या त्याने काढून हातात घेतल्या. मग बांधीच्या कडेला धुऱ्यावर पाटी ठोकली आणि इंग्रजीत धानाचं नाव लिहायला घेतलं. डी चांगला ठसठशीत, वीतभर मोठा काढला.

ब्रश खाली ठेवून त्याने मोठ्या आशेने बांधीकडे पाहिलं.

धान सोनेरीच होता.