साखरपुड्यातली सुई

कुरुंद्याला संपतरावांच्या घरी साखरपुडा निर्विघ्न पार पडला होता. तेवढ्यावर मंडळी जेवायला बसली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

संपतरावांच्या प्रतिक्षाला पुसेगावचा शिवहार आवडला होता आणि शिवहारला प्रतिक्षा. कुरकूर होती ती एकट्या किशनरावांची, म्हणजे शिवहारच्या वडिलांची. हे गृहस्थ बैलाचे दात तपासावेत तशी सोयरिकीची तपासणी करत. त्या दिवशी येताना त्यांनी बाभळीचा आडोसा गाठायला जीप दोनदा थांबवली होती आणि आल्यापासून माठ अर्धा केला होता. "उष्णता लई हाय," असं म्हणून ते पोटावरून समाधानानं हात फिरवत. ते पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण, असं त्यांचं मत होतं.

पुडा फुटला, साखरेचं ताट फिरलं. रिवाजाप्रमाणे जो तो चिमूट घेऊन दुसऱ्याच्या तोंडात घालू लागला. प्रतिक्षानं तर सासरच्या एकेकाला आपल्या हातानं साखर भरवली. ताटापासून लांब होते ते फक्त संपतराव. त्यांना मधुमेह होता, आणि साधनाबाईंसारखी बायको होती.

तरी गर्दीत संपतरावांना गरगरलं.

"पेढा खाल्ला तुमी!" साधनाबाई म्हणाल्या.

"देवाशपथ न्हाई."

नवऱ्याच्या शपथेपेक्षा साधनाबाईंचा यंत्रावर विश्वास जास्त. त्यांनी कपाटातून शुगरचं यंत्र काढलं, संपतरावांच्या बोटाला सुई टोचली आणि थेंब पट्टीला लावला. आकडा आला एकशे अठ्ठावीस. शपथ खरी निघाली.

"ह्ये काय हाय?" किशनराव सरकून जवळ आले.

आजाराबद्दल कुणी विचारलं की संपतरावांना हुरूप येई. "शुगर मोजायचं यंत्र. इन्शुलिन म्हणून एक हार्मोन असतंय बघा. रक्तातली साखर अंगात पोचवायचं काम त्याचं. ते ढिलं पडलं की साखर रक्तातच साचून राहती."

"बापाला असली म्हंजे लेकरालाबी येती म्हणत्यात?"

"येऊ शकती," संपतराव म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"मंग पोरीची बी पाहून घ्या. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

साधनाबाईंना राग आला, पण प्रतिक्षानं स्वतःच बोट पुढं केलं. नवी सुई, नवी पट्टी. चारशे एकतीस.

संपतरावांच्या तिपटीहून जास्त. "आमी न्हाई म्हणत न्हाई," किशनराव म्हणाले, "पण जरा इचार करावा लागंल." या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळला. प्रतिक्षाचा चेहरा उतरला. बोटातली नवी अंगठी ती नुसती फिरवत राहिली.

"माजी बी घ्या," शिवहार एकदम म्हणाला आणि बोट पुढं करून बसला. चारशे सत्तर.

"मशीन बिघडलंय!" किशनराव ओरडले.

"काहून? पोरीची दाखवली तवा बराबर होतं," साधनाबाई म्हणाल्या. "आता आमाला बी इचार करावा लागंल."

संपतरावांच्या आई चंद्रभागाबाई आयुष्यभर ज्वारीच्या भाकरीवर जगलेल्या. वाद मिटवायला त्यांनी आपलं बोट दिलं. पाचशे दोन.

"मंग मी अजून जित्ती कशी?" त्यांनी विचारलं. घरात धडधाकट म्हणावा असा आता एकच माणूस उरला होता, तो म्हणजे मधुमेही संपतराव. त्यांनी हळूच पेढ्यांकडं हात नेला आणि साधनाबाईंनी त्यावर फटका दिला.

"साधना," चंद्रभागाबाई बोट वर धरून म्हणाल्या, "माज्या बोटाला मुंगी काहून लागली गं?"

साधनाबाईंनी मुंगीकडं पाहिलं, साखरेच्या ताटाकडं पाहिलं, मग त्या ताटापासून लांब ठेवलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. रोज संपतराव आंघोळ करून आले की मगच त्या त्यांची शुगर बघत, त्यामुळं हाताचा प्रश्न कधी आलाच नव्हता.

"साखर रक्तात न्हाई, बोटाला हाय! उठा, साबणानं हात धुवा समदे!"

हात धुतले. प्रतिक्षा शहाण्णव. शिवहार एकशे चार. चंद्रभागाबाई एकशे सोळा. प्रतिक्षा हसता हसता रडली, आणि शिवहारनं चारचौघांत तिला आपला रुमाल दिला.

"आता तुमी, व्याही," साधनाबाई म्हणाल्या.

"मला कशाला? आमच्या खानदानात कोणालाच न्हाई."

"कोणी तपासली व्हती?"

"नसलेली तपासायची कशाला?"

पण तपासणी त्यांनीच काढली होती. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. तीनशे बारा. पुन्हा धुतले, या वेळी चंद्रभागाबाईंनी स्वतः पाणी घातलं. तीनशे नऊ.

बापाला असली म्हणजे लेकराला येते, हे वाक्य आता परत करायची पाळी संपतरावांची होती, आणि ते करतील म्हणून सगळं घर वाट बघत होतं. संपतरावांनी लेकीकडं पाहिलं. मग ते सतरंजीवर सरकले आणि त्यांनी जागा केली. "बसा व्याही. एका आकड्यानं काही ठरत न्हाई. उद्या दवाखान्यात जाऊ, मी येतो संगं." आवाजात काळजी होती, आणि बऱ्याच वर्षांनी सोबती मिळाल्याचा आनंदही.

"डॉक्टर म्हणत्यात," साधनाबाईंनी भर घातली, "पोटावरली चरबी इन्शुलिनला काम करू देत न्हाई."

किशनरावांनी पोटावरचा हात काढून घेतला.

पंगत बसली. किशनराव संपतरावांकडं वाकून म्हणाले, "व्याही, आहेरात सफारी नको मला. ह्ये मशीन द्या."

"मशीन कशाला मागता?" संपतराव म्हणाले. "पोरगीच देऊन राहिलो की."

तेवढ्यात प्रतिक्षा वाढत वाढत तिथं आली. "मामा, ही ऱ्हाऊ द्या," असं म्हणत तिनं सासऱ्यांच्या ताटातली जिलेबी उचलली आणि शिवहारच्या ताटात टाकली. वर सासऱ्यांकडं असं पाहिलं, की ती साधनाबाईंची लेक आहे हे कुणी वेगळं सांगायला नको होतं. संपतरावांना ती नजर चांगलीच ओळखीची होती. त्यांना आपल्या व्याह्याची मनापासून दया आली.