ढगेकाकांची कोरी फाईल

माझ्या कुकरच्या शिट्ट्यांवर लेखी तक्रार करणारा माणूस या पृथ्वीवर एकच, आमचे ढगेकाका. "विषय: तुरीच्या डाळीस विनाकारण सात शिट्ट्या देणेबाबत. डाळ चार शिट्ट्यांत शिजते. कळावे." खाली 'प्रत माहितीस्तव' कुणाला, तर आमच्या ह्यांना! रागानं मी दोन दिवस डाळच केली नाही. तिसऱ्या दिवशी केली, चार शिट्ट्यांत. मेली शिजली की!

पूर्णा स्टेशनच्या मागं आमची गल्ली. काका कारकुनीतून रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण अर्ज लिहिणं सुटलं नाही. काकू गेल्यापासून तर ऊतच आला. कुणाकडं काय आहे, कोण काय वाया घालवतं, सगळी नोंद वहीत. आपण काही सांगायला जावं, की हात वर: "तोंडी न्हाई, लेखी!" कपाटात 'दिलेले अर्ज' अशा सात फायली गच्च. 'आलेली उत्तरे' ही एकच, तीही कोरी.

"कुनी जवाबच देत न्हाई, बाई," ते म्हणायचे. "जिम्मेदारी कुनालाच नको."

मागच्या वर्षी गल्लीच्या टोकाला सुनंदाताईंनी पोरींचं घर काढलं. कुणी लहानपणीच लग्न लावायलेत म्हणून पळालेली, कुणाला घरचेच मारायचे, अशा अकरा पोरी. गल्ली बिथरली. "पोरींच्या मागं पोरं येतील, झंझट नको." घरमालक म्हणाला, गल्लीनं लेखी दिलं तर खाली करून घेतो. झालं! कोऱ्या कागदावर सगळ्यांनी सह्या ठोकल्या. खोटं कशाला बोलू, माझीही होती. मजकूर लिहायला अर्थातच काका.

"पाहनी केल्याबिगर आपुन लिहीत न्हाई," म्हणाले आणि टेप, वही घेऊन गेले. दोन तासांनी आले ते थेट घरात, लिहायला.

रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर गल्ली जमली. घरमालकही आला. काकांनी चष्मा चढवला.

"विषय: गल्लीतील रहिवाशांच्या घोर निष्काळजीपणाबाबत."

"अहो काका, आमच्या नाही, त्यांच्या!" देशमुख ओरडले.

"तोंडी न्हाई, लेखी! अकरा पोरींत पंखा एक. देशमुखांच्या माडीवर दोन पंखे तीन वर्षं गंजायलेत. जोशीबाई गणिताच्या रिटायर मास्तरीण, दुपारभर मालिका पाहतात. तिकडं त्या पोरींतली निकिता दहावीच्या गणिताला रडायली." मग माझ्याकडं वळले. "या बाईंची शिलाई मशीन झाकूनच हाय. त्यावर लोणच्याची बरणी ठेवतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बरणी खरंच होती हो!

काकांनी कागद खाली घेतला. "निकिता अंगाला हळद लागलेली असताना पळाली. रातभर चालली. आन आपुन तिला इथूनबी हाकलायलोत?"

जोशीबाई उठल्या. "माझी सही खोडा. निकिताला चार वाजता पाठवा." देशमुखांनी पंख्यांसाठी शिडी मागितली. त्याच कागदावर आम्ही सगळ्यांनी आपापल्या सह्या खोडल्या आणि खाली 'पोरी इथंच राहतील' असं लिहून नव्यानं सह्या केल्या. घरमालक कागद उलटापालटा करून म्हणाला, "मंग मला काय, राहू द्या." त्या दिवशी गल्लीतून पंखे, खाटा, ज्वारीचं पोतं आणि बरणी उतरवलेली माझी मशीन अशी वरात निघाली, बँडच काय तो नव्हता! जूनमध्ये निकिता पास झाली, तेव्हा पेढे गल्लीनं वाटले.

परवा सुनंदाताई घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडं आल्या. हातात काकांचा अर्ज. "आता काय चुकलं हो आमचं?"

मी वाचला. "विषय: रविवारी एक वेळ पंगतीत बसण्याची परवानगी मिळणेबाबत. अर्जदार घरी एकटाच जेवतो. टोकाची जागा चालेल. भाकरी घरून आणण्यात येईल. कळावे."

आम्ही दोघी पदरानं डोळे पुसत बसलो.

संध्याकाळी काका दारात उभे. हातात ती कोरी फाईल, आत एक कागद. निकिताचं अक्षर: "अर्ज मंजूर. भाकरी आणू नये. रोज यावे." खाली अकरा सह्या.

"वा काका, बोलावणं आलं की!" मी म्हटलं.

काकांनी उपरण्यानं नाक पुसलं.

"तोंडी न्हाई, बाई," म्हणाले. "लेखी हाय."