पोहण्याच्या तलावाची दक्षता चौकशी

"आपल्याला आजवर कुणीही फसवलेलं नाही!" हे वाक्य बळवंतराव बोरस्ते इतक्या वेळा उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज कुठेतरी फसून येतो.

दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या दक्षता विभागात त्यांची हयात गेली होती. तिथे त्यांनी इतक्या फायली संशयाने उघडल्या, की निवृत्तीनंतर घरातला चकलीचा डबाही ते त्याच नजरेने उघडत.

"कुमुद, काल हा डबा वरपर्यंत भरलेला होता."

"अहो, तुम्हीच खाल्ल्यात रात्री!"

"साक्षीदार?"

अशा माणसाच्या ताब्यात पोहण्याचा तलाव देऊ नये. पण दिला. त्या काळी गुडगावात मोहरीच्या शेतांतून भराभर कोठ्या, म्हणजे बंगले, उगवत होत्या आणि परदेशी कंपन्या आपल्या साहेबांना त्या भाड्याने घेऊन देत होत्या. बळवंतरावांचा मुलगा जयदीप अशाच एका कंपनीत लागला. त्याला कोठी मिळाली आणि कोठीच्या मागच्या अंगणात निळ्या फरशीचा तलाव! सरकारी क्वार्टरमध्ये ज्यांनी बादलीभर पाण्यात आंघोळ आणि फरशी दोन्ही उरकली, त्या बोरस्ते कुटुंबाला त्या तलावाकडे बघूनच सर्दी होई.

मे महिन्यात जयदीप ट्रेनिंगला सिंगापूरला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, एकच करा. तलावाचा पंप रोज चालवा. विसरू नका."

त्याची टॅक्सी वळणाआड जाताच बळवंतरावांनी पंपाची पाहणी केली. पंप तलावातलं पाणी एका बाजूने ओढत होता आणि दुसऱ्या बाजूने तलावातच सोडत होता.

"म्हणजे तेच पाणी काढायचं आणि तेच परत टाकायचं? अशी कामं मी मंत्रालयात पुष्कळ पाहिलीत! मधल्यामधे कुणीतरी वीज खातंय." आणि त्यांनी पंपाच्या खोलीला कुलूप ठोकलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत पंप निलंबित!

दिल्लीकडचा मे महिना आणि साचलेलं पाणी. आठवडाभरात तलाव असा हिरवा झाला, की त्यात म्हशी शोभल्या असत्या. शेजारचे खुराना भिंतीवरून डोकावून म्हणाले, "ओए बोरस्ते साब! पूल में पालक लगाया है क्या?"

बळवंतराव हसले नाहीत. आत येऊन त्यांनी पडदा ओढला आणि फटीतून भिंतीवर नजर ठेवली.

"खुरानाचं काम आहे. होळीचा उरलेला हिरवा रंग टाकलाय त्याने. नाहीतर त्याला पालकच का सुचला?"

"हिरवं आहे म्हणून!" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आणि रंग कुणी टाकला ते राहू द्या. रविवारी अण्णासाहेब यायचेत."

हे मात्र गंभीर होतं. त्यांच्या मुलीचं, क्षिप्राचं, यतीन जगतापशी जमत आलं होतं. यतीन फरीदाबादच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनीअर. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, यतीनच्या आईनेही केलं होतं. होकार राहिला होता तो त्याच्या वडिलांचा, अण्णासाहेबांचा. ते पुण्याहून खास त्यासाठी येणार होते. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "तुमच्याकडे तलाव आहे म्हणे. उत्तम! नीरा नदीत वाढलेला माणूस मी, पोहल्याशिवाय चहा घेत नाही."

"बाबा," क्षिप्रा म्हणाली, "आधीची सगळी स्थळं तुमच्या चौकशीत गेली. त्या नागपूरच्या मुलाच्या दूधवाल्याची तुम्ही जबानी घेतलीत! हे स्थळ गेलं ना, तर मी लग्नच करणार नाही."

बळवंतराव कामाला लागले. बाजारातून क्लोरीनच्या पावडरीचा डबा आणला, पाणी तपासायच्या गोळ्या आणल्या. तलावाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात गोळी टाकायची. गुलाबी झालं तर क्लोरीन आहे, रंग नाही आला तर नाही. डब्यावर लिहिलं होतं ते माप त्यांनी घातलं. मग वाटलं, मापात लबाडी असणार, म्हणून आणखी घातलं. मग गोळी टाकली. पाणी क्षणभर गुलाबी झालं आणि डोळ्यांदेखत परत पांढरं!

"बघ! बघितलंस? माझ्यासमोर रंग बदलला! पावडर नकली आहे. चुना विकतायत!"

"बाबा, क्लोरीन फार झालं की गोळीचा रंगच उडतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी केमिस्ट्रीत एम. एस्सी. केलंय!"

बळवंतरावांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तो दुकानदार तुझ्या ओळखीचा आहे का?"

क्षिप्रा कपाळाला हात लावून आत गेली आणि बळवंतरावांनी उरलेला अख्खा डबा तलावात उपडा केला. तरी गोळी पांढरीच. पाणी आता हिरव्या ताकासारखं दिसत होतं.

तेव्हा त्यांच्यातला निफाडचा द्राक्षबागाईतदार जागा झाला. बोरस्त्यांच्या सात पिढ्यांनी वेलीवर कसलीही कीड आली, बुरशी आली, की एकच औषध मारलं होतं. मोरचूद! त्याच्यापुढे शेवाळ म्हणजे काय! बसने दिल्ली गाठून रसायनांच्या तिलक बाजारातून त्यांनी मोरचुदाची पिशवी आणली, खड्यान्‌खडा उजेडात धरून पारखला आणि बागेच्या हिशेबाने, म्हणजे एकरी, तलावात ओतला.

"अहो, द्राक्षांवरचं औषध माणसांच्या अंगाला?"

"द्राक्षं शेवटी कोण खातं? माणसंच ना!"

कुमुदिनीबाईंनी देवापुढे निरांजन लावलं. क्षिप्राने या वेळी वाद घातला नाही. बाबा दुपारी घोरायला लागले, की ती त्यांच्या खिशातली किल्ली काढून पंप सुरू करी आणि ते जागे व्हायच्या आत बंद करी. पाणी हळूहळू निवळलं. रविवारी सकाळी तर तळाची फरशी मोजता यावी इतका तलाव स्वच्छ, निळाशार! श्रेय अर्थातच मोरचुदाने घेतलं.

यतीनला घेऊन अण्णासाहेब आले. उंच, ताठ आणि डोक्यावर पांढरेशुभ्र दाट केस. असे, की त्यांच्याकडे बघून माणसाला म्हातारं व्हायची घाई सुटावी! तलाव पाहून ते हरखले, कपडे बदलून सरळ उडी मारली आणि डोकं पाण्यात घालून मनसोक्त पोहले. बाहेर आले तेव्हा डोळे लालभडक झाले होते.

"भरून आलंय त्यांना," कुमुदिनीबाई गहिवरून म्हणाल्या. "नीरा आठवली असेल."

हिरवळीवर कांदेपोहे आले. अण्णासाहेब उन्हात खुर्ची टाकून बसले. केस वाळू लागले आणि वाळता वाळता त्यांच्यावर एक छटा चढू लागली. आधी पिस्त्याची. मग कैरीची. पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तितक्या बेताने मिशीही हिरवी झाली.

यतीनचा चमचा हवेतच राहिला. मुलाच्या वडिलांना, त्यातून पहिल्याच भेटीत, "आपलं डोकं हिरवं झालंय" असं सांगायची पद्धत कुठल्याच घराण्यात नसते. सगळे आपापल्या बशीत बघू लागले. बळवंतराव मात्र बघतच राहिले आणि त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात ओढलं.

"पाहिलंस? केस रंगवतो हा माणूस! पांढरे रंगवतो! पाण्याने पितळ उघडं पडलं. जो केसांबद्दल खोटं बोलतो, तो मुलाच्या नोकरीबद्दल काय सांगत असेल?"

"अहो, पांढरे कुणी रंगवतं का?"

"तेच तर! संशय येऊ नये म्हणून!"

आणि कुणी अडवायच्या आत ते बाहेर जाऊन अण्णासाहेबांसमोर उभे राहिले. "अण्णासाहेब, आपण केसांना नेमकं काय लावता?"

"खोबरेल. का?"

"फक्त खोबरेल? लेखी द्याल?"

अण्णासाहेबांनी संशयाने डोक्यावरून हात फिरवला, उठले आणि दिवाणखान्यातल्या आरशापुढे गेले. आतून जो आवाज आला, तो ऐकून खुराना भिंतीवर हजर झाले.

"बाबांनी तलावात मोरचूद टाकलाय," क्षिप्रा धावत आत गेली. "त्यातलं तांबं केसांवर बसतं. टोमॅटो चोळला की उतरेल. बसा तुम्ही, मी चोळते." तिने त्यांना स्टुलावर बसवलं आणि टोमॅटो कुस्करून डोक्याला चोळू लागली.

अण्णासाहेबांनी डोळे मिटून डोकं पुढे केलं. मग टोमॅटोच्या खालून त्यांचा धीरगंभीर आवाज आला. "स्वयंपाक येतो का?"

"आत्ता कोशिंबीरच करतेय, काका."

खांदे हलले. अण्णासाहेब हसत होते! पण बाहेर येताच त्यांचा चेहरा कठोर झाला. डोकं हिरव्याचं पोपटी झालं होतं, त्यापुढे टोमॅटो हरला होता.

"मुलगी सोन्यासारखी आहे," ते म्हणाले. "पण बोरस्तेसाहेब, मला खोटारडा ठरवून माझी जबानी घेतलीत. मी असा घरी जाणार आणि तुम्ही कोरडे राहणार? तुम्ही याच तलावात बुडी मारा. डोक्यासकट. मगच माझा होकार."

बळवंतराव एकदम पांढरे पडले. "मला... सर्दी आहे."

"मे महिन्यात?" क्षिप्राने विचारलं.

ते कुमुदिनीबाईंकडे बघू लागले. कुमुदिनीबाई आभाळाकडे बघू लागल्या. यतीनकडे पाहिलं, तर तो हात जोडून उभा. क्षिप्राचे डोळे भरले होते. बळवंतरावांनी एक उसासा सोडला, चष्मा काढला आणि लेंगा-सदऱ्यासकट पाण्यात शिरले. बुडी मारली. वर आले.

हिरवं काही झालं नाही. पण अख्खा डबाभर क्लोरीन आपलं काम करून गेलं होतं. साठीतही कोळशासारखे काळेभोर असलेले त्यांचे केस आणि मिशा, ज्यांचं श्रेय ते निफाडच्या हवापाण्याला देत, त्या भर उन्हात गाजरासारख्या केशरी झाल्या होत्या!

अण्णासाहेबांनी पुढे होऊन हात दिला आणि व्याह्यांना पाण्याबाहेर ओढलं. "कोणता कलप वापरता?" त्यांनी हळूच विचारलं.

"साक्षीदार नाही," बळवंतराव पुटपुटले.

साखरपुडा तिथेच उरकला. खुरानांनी भिंतीवरूनच रंगीत फोटो काढला. एका बाजूला बळवंतराव, दुसऱ्या बाजूला अण्णासाहेब, मधे पांढऱ्या सदऱ्यात यतीन. फोटो निफाडला पोचला, तेव्हा थोरल्या बंधूंचा ट्रंककॉल आला, "बळवंता, सोहळा छान झालेला दिसतोय. पण साखरपुड्यात झेंडावंदन कशाला ठेवलंस?"