हवा कसा आहे?

आपटेकाका ‘हवा’ हा शब्द पुल्लिंगी वापरायचे. “हवा भरलास का?” “आज हवा जरा कमी वाटतो.” दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर माझ्या कानावरून गेलं असतं, कारण मी नागपूरचा, आणि मराठी व्याकरणाशी माझे संबंध तसे लांबचेच. पण हा माणूस पुण्याचा, त्यात आपटे. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलमध्ये आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या आठवड्यात मी कुंपणावरून म्हणालो, “काका, आत्ताच ऑफिसातून येऊन राहिलो.” त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“येतो आहेस की राहतो आहेस? एक काय ते ठरव,” ते म्हणाले. आणि त्याच दमात माझ्या गाडीकडे बोट दाखवून, “तुझ्या पुढच्या डाव्या चाकात हवा कमी झालाय.”

मी आधी चाकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांना सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

काका निवृत्त इंजिनिअर. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोठं घर, त्यात एक माणूस आणि गॅरेजमध्ये एक गाडी. थंडीतल्या रविवारी सकाळी आमच्या खिडकीतून एकच देखावा दिसायचा: कानटोपी, राखाडी कोट, गुडघ्याखाली काकूंची जुनी योगासनांची चटई, आणि चाकापुढे वाकलेले काका. इथल्या लोकांनी अजून पडदेही उघडलेले नसायचे.

पेट्रोल पंपावरच्या हवेच्या यंत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “तिथपर्यंत चालवत नेलं की चाक गरम होतं. आणि गरम चाक खोटं बोलतं,” हे त्यांचं आवडतं वाक्य. हवा गार चाकातच मोजायची, तीही स्वतःच्या गेजने. हाच नियम ते माणसांनाही लावायचे. माझं आणि बायकोचं, सायलीचं, भांडण भिंतीतून ऐकू गेलं की दुसऱ्या दिवशी ते मला गाठायचे. “काल काही ठरवलं नाहीस ना? गार झाल्यावर बघायचं.”

त्यांच्या गाडीला हिवाळी टायर होते. ब्रॅकनेलमध्ये! इथला हिवाळा म्हणजे राखाडी आभाळ आणि रिपरिप, वर्षाकाठी कधीतरी भुरभुर बर्फ पडतो आणि दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. अख्ख्या गल्लीत असले टायर कोणाकडे नव्हते. काका मात्र झाडांची पानं पिवळी पडली की उन्हाळी टायर उतरवून हे चढवत आणि मग प्रेशरचा तास घेत.

“थंडी वाढली की हवा आकसतो. म्हणून उन्हाळ्यात भरलेल्यावर विसंबायचं नाही. हे रबर मऊ, म्हणून दोन पॉइंट वर. आणि मूळ आकडा कुठे बघायचा?”

“इंटरनेटवर,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याच गाडीचं दार उघडून मला चौकटीवरचा स्टिकर दाखवला. चार वर्षं ती गाडी चालवत होतो, हा स्टिकर कधी वाचला नव्हता. त्यावर दोन चित्रं असतात. एकात एकटंदुकटं माणूस, त्याचा आकडा लहान. दुसऱ्यात भरलेली गाडी, माणसं आणि बॅग, त्याचा आकडा मोठा. काका कायम मोठा आकडा धरायचे, वर हिवाळ्याचे दोन. त्यामुळे त्यांची गाडी दगडासारखी टणक झाली होती. एकदा त्यांच्याबरोबर भाजी आणायला गेलो तर रस्त्यातला खडान् खडा माझ्या मणक्याला भेटून गेला.

“अहो काका, तुम्ही तर एकटेच असता गाडीत. लहान आकडा चालेल की.”

“आज एकटा आहे. उद्या मिनूकडे गेलो आणि येताना ती मुलांना घेऊन बसली, तर? वाटेत हवा भरत बसू?”

मिनू म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. इथेच जन्मली, इथेच शिकली, आता स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसच्या पलीकडे कुठल्याशा गावात डॉक्टर आहे. नवरा तिकडचाच, दोन मुलं. काका तिच्या लग्नानंतर एकदाच तिथे गेले होते. ती भेट कशी झाली, ते त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. जावयाच्या गाडीच्या चारही चाकांत हवा चुकीचा निघाला. “सांगायला नको? जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. त्याच्या आईवडिलांनाही कळलं पाहिजे.” शिवाय नातवंडांना ‘आजोबा’ नीट म्हणता येत नव्हतं, तेही त्यांनी तिथल्या तिथे पाठ करून घेतलं होतं. एक नातू रडला म्हणे.

त्यानंतर त्यांनी नाताळात येतो म्हटलं, तेव्हा मिनू म्हणाली, “बाबा, इकडे विंटरमध्ये रोड फार आयसी असतो, तुझ्या टायर्सवर नको येऊ.” आता हे ऐकून तुम्हाआम्हाला जे कळतं, ते काकांना कळलं नाही. त्यांनी ते तांत्रिक अडचण म्हणून घेतलं. हिवाळी टायर आले ते असे. पुढच्या वर्षी मिनू म्हणाली, मुलांना फ्लू झालाय. काकांनी जाऊन फ्लूची लस टोचून घेतली. त्यानंतर म्हणाली, पाहुण्यांच्या खोलीचं पेंटिंग चाललंय. काकांच्या गॅरेजमध्ये अजून एक कोरा करकरीत रंगाचा रोलर पडलेला आहे, वेष्टनासकट.

सायली आणि मी घरात यावर हसायचो. हसून झालं की सायली खिडकीतून त्यांच्या गॅरेजकडे बघायची. प्रत्येक अडचण सोडवून हा माणूस दर हिवाळ्यात गाडी तयार ठेवत होता, आणि नेमकी अडचण कोणती हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. मीही नाही. शेजाऱ्याने असलं काय म्हणून सांगायचं?

मग त्या फेब्रुवारीत खरोखरचा बर्फ पडला. सकाळी दार उघडलं तर गल्ली पांढरी, शाळा बंद, बस बंद. सायलीचे दिवस भरत आलेले, त्याच दिवशी हॉस्पिटलात तपासणी. टॅक्सीवाल्यांनी सरळ नाही म्हटलं. माझी गाडी काढायला गेलो तर ती जागच्या जागी घसरून आडवी झाली आणि तशीच राहिली. सासूबाई, त्या बाळंतपणासाठी नागपूरहून आल्या होत्या, खिडकीतून देवाचं नाव घेत होत्या.

कुंपणापलीकडे गॅरेजचं दार वर गेलं. काकांनी कोटावर टाय लावला होता.

“बसा,” ते म्हणाले. “सामान घ्या. सगळं घ्या.”

सामान म्हणजे हॉस्पिटलची एक बॅग होती. मागे सायली आणि सासूबाई, पुढे मी. काकांनी आरशातून मागच्या भरलेल्या सीटकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. “आज स्टिकरप्रमाणे आहे,” ते पुटपुटले. वाटेत गाड्या कशाही पडल्या होत्या, लोक फावडी घेऊन उभे होते, आणि आमची गाडी त्यांच्यामधून शहाण्या बैलासारखी चालली होती. धक्के नाहीत, सरकणं नाही. सासूबाई उतरताना म्हणाल्या, “तुम्ही होते म्हणून पोहोचलो हो.” काकांनी ‘होते’चं ‘होतात’ केलं नाही. फार खुशीत होते.

सायली आणि सासूबाई आत गेल्या. मी पार्किंगमध्ये काकांजवळ गाडीतच थांबलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला, कमी ऐकू यायचं त्यांना.

“बाबा? न्यूजवर बघितला, खूप स्नो आहे तुझ्याकडे. हवा कसा आहे?”

मी काकांकडे पाहिलंच नाही. पाहवलं नाही.

“मस्त आहे गं!”

“आर यू ऑलराइट? तुला काही हवा का?”

“हवा? भरपूर आहे! मागे छत्तीस, वर हिवाळ्याचे दोन! चौघं बसून आलो, मिनू, गाडी तसूभर सरकली नाही!”

पलीकडे कोणीतरी तिला इंग्रजीत हाक मारली. मग, “ओके बाबा. दॅट्स गुड. मला जायला पाहिजे, पेशंट्स आहेत. टेक केअर, हां?” आणि फोन बंद झाला.

काका हसत होते. मग हसू जरा ओसरलं. “काय रे, चाकातला विचारत होती ना?”

“काका,” मी म्हणालो, “तुम्हाला काही हवंय का, असं विचारत होती.”

त्यांनी हातमोजे काढले. उगाच दोन्ही जुळवून एकावर एक ठेवले.

“लहानपणी टॉर्च धरायची माझ्याजवळ, चाक बघताना,” ते म्हणाले. “हवा कसा आहे, बाबा? हवा कसा आहे? सगळं सुधारलं मी तिचं. तेवढं एक ठेवलं. ती घर सोडून गेली तेव्हापासून मीच तसं म्हणायला लागलो. घरात कोणीतरी म्हणायला पाहिजे ना.”

“परत लावा फोन,” मी म्हणालो. मला वाटलं, आता म्हणतील गार झाल्यावर बघू. पण त्यांनी लगेच लावला. पलीकडून मिनूचा रेकॉर्ड केलेला इंग्रजी आवाज आला, निरोप ठेवा म्हणून. काका एरवी यंत्राशी बोलत नसत, सरळ फोन ठेवून द्यायचे. या वेळी त्यांनी तो तोंडाजवळ धरला.

“मिनू, बाबा बोलतोय.” त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. “मघाशी तू विचारलंस ना, काही हवा का म्हणून. हो. हवा.” त्यांनी घसा खाकरला. “तू हवा.”

मी वाट पाहत होतो, आता दुरुस्त करतील. त्यांनी केलं नाही.

फोन त्यांनी डॅशबोर्डवर दिसेल असा ठेवला. मग खाली उतरून वाकले आणि ताप बघतात तसा मागच्या चाकाला हात लावून पाहिला.

“अजून गरम आहे,” ते म्हणाले. “बसू जरा इथेच.”