बिंगो म्हणजे काय?

लढाऊ विमानांचा सिनेमा तिघांनी रविवारी एकत्र पाहिला आणि सोमवारी कामावर निघताना गाडीत वादाला तोंड फुटलं. ऐन लढाईत नायक "बिंगो" म्हणाला आणि विमान वळवून सरळ घरी परतला. का?

"बिंगो म्हणजे नेम लागला," चष्म्याचा दुकानदार म्हणाला. गाडी त्याची, त्यामुळे मतही ठाम.

"मग पळाला कशाला?" शेजारी बसलेल्या गणिताच्या बाईंनी विचारलं.

"बायकोने बोलावलं असेल," मागून कॅशियर म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष घड्याळात होतं. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या, एक साहेबांकडे, एक त्याच्याकडे. साहेबांनी गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, पुन्हा उशीर झाला तर बदली. तीही अशा गावी, जिथे त्याची बायको पाऊल ठेवणार नव्हती.

चष्मेवाल्याने विमानदलातल्या मेहुण्याला फोन लावला. उचलला नाही. "करेल नंतर. तोवर सिनेमाच्याच भाषेत बोलायचं. जो साधं बोलेल, त्याने ही गाडी धुवायची."

गाडीवर इतकी धूळ होती की मागच्या काचेतून दिवस आहे की रात्र, एवढंच कळायचं. तिघांच्याही तोंडाला कुलूप लागलं.

पूल लागला तसा बाईंना पेट्रोलचा लाल दिवा दिसला. पेट्रोलला सिनेमात काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. त्यांनी समोर बोट दाखवलं.

"रॉजर," समजल्याच्या थाटात म्हणत चष्मेवाल्याने काच पुसायला वायपर सुरू केले.

बाईंनी जोरजोरात मान हलवली. त्याने वायपरचा वेग वाढवला.

पुलाच्या मधोमध गाडीने दोन आचके दिले आणि बसकण मारली. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. चष्मेवाल्याने तो स्पीकरवर टाकला. "दाजी, बिंगो म्हणजे इंधन आता परतण्यापुरतंच उरलंय."

"हाच शब्द हवा होता मला," बाई म्हणाल्या.

"अहो, मग पेट्रोल म्हणायचं की सरळ!" चष्मेवाला वैतागला.

"आणि गाडी कोण धुणार?"

मागे कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं. आधीच जिवाला घोर लागलेल्या कॅशियरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय उडून जाऊ का आता?"

मागच्या गाडीतून साहेब उतरले.

कॅशियरच्या डोळ्यांसमोर बायकोचा चेहरा उभा राहिला. "किल्ली आणलीय, साहेब," एवढंच तो म्हणाला.

"माझीही इथेच आहे," साहेब ओशाळून म्हणाले. त्यांचे डोळे सुजलेले होते. "आज मलाही उठायला उशीर झाला. कुठे बोलू नका. चला, आधी ही गाडी बाजूला घेऊ."

चौघांनी ढकलून गाडी कडेला लावली. चष्मेवाला बाटली घेऊन पेट्रोल आणायला निघाला, बाईंनी रिक्षाला हात केला आणि कॅशियर साहेबांच्या शेजारी बसला. बदली टळली म्हणून तो मनातल्या मनात हात जोडत होता.

थोडं पुढे गेल्यावर साहेब म्हणाले, "रात्री तो विमानांचा सिनेमा बघत बसलो हो. एक समजलं नाही. तो बिंगो म्हणून मागे का फिरतो?"

कॅशियरने आधी वाकून पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. लाल दिवा लागला होता.

"बिंगो, साहेब," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"हो, तेच विचारतोय," साहेबांनी वेग वाढवला. "म्हणजे काय?"